प्लेट की पाऊच? कॉलरबोनच्या एका फ्रॅक्चरचं प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करते. ज्यांची ही हकीकत आहे त्यांच्या परवानगीने ती लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, उपचारांचा क्रम आणि त्यामागची कारणं तशीच ठेवली आहेत. त्यांना इथे नुसतं ताई म्हणते.

पार्श्वभूमी

ताई ४१ वर्षांच्या. घरची अडीच एकर द्राक्षबाग, मांडव पद्धतीची. बागेच्या कामाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की मांडवाखालचं जवळजवळ सगळं काम हात डोक्याच्या वर धरून होतं. छाटणी, डोळे फुटण्यासाठी काडीला पेस्ट लावणं, फेलफूट म्हणजे नको असलेल्या फुटी काढणं आणि सगळ्यांत जिकिरीची ती घडांची विरळणी, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं. हातात बारीक कात्री, मान वर आणि दोन्ही हात घडाशी, असं दिवस दिवस चालतं. ताई स्वतः हे काम करतात आणि मजुरांच्या टोळीकडून करूनही घेतात.

जूनचा मधला आठवडा होता. पाऊस नुकताच लागला होता. मोटरसायकलवर मागे एका अंगाने बसून त्या माहेरून येत होत्या. रंग न मारलेला गतिरोधक अंधारात दिसला नाही, गाडी उडाली आणि ताई उजव्या खांद्यावर पडल्या. कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं आडवं हाड, मोडण्याची ही अगदी नेहमीची रीत. पुष्कळांना वाटतं की पडताना हात टेकल्याने ते हाड मोडतं, पण बहुतेक वेळा मार थेट खांद्यावर बसलेला असतो.

रात्री जवळच्या रुग्णालयात त्यांना झोपवून एक्स-रे काढला. हाड मधल्या तिसऱ्या भागात मोडलेलं, दोन्ही टोकं एकमेकांपासून पूर्ण सरकलेली आणि मध्ये एक छोटा पाचरीसारखा तुकडा. हात पाऊचमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवायच्या झोळीत, घालून दिला आणि “उद्या शहरात नेऊन प्लेट टाकून घ्या” असं सांगितलं, म्हणजे ऑपरेशन करून हाडावर धातूची पट्टी स्क्रूने बसवायची. दुसऱ्या दिवशी शहरातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनीही तेच सांगितलं. ऑपरेशनची तारीख दिली ती लगेच त्याच्या पुढच्या सकाळची.

घरात तोवर तीन मतं झाली होती. पतींना ऑपरेशन लवकर उरकायचं होतं. भाऊ म्हणत होता, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. सासूबाईंचा भरवसा शेजारच्या गावातल्या हाडवैद्यावर, कारण त्यांच्या स्वतःच्या मनगटाचं हाड त्यानेच बसवलं होतं. ताईंचं मत अजून कोणी विचारलं नव्हतं.

नेमकी अडचण

कॉलरबोन, म्हणजे जत्रुकास्थी, ही छातीच्या पिंजऱ्याला आणि खांद्याला जोडणारी एकमेव हाडाची दांडी. ती मोडली की मानेचा स्नायू आतलं टोक वर ओढतो, हाताचं वजन बाहेरचं टोक खाली ओढतं आणि छातीचा स्नायू खांदा आत खेचतो. म्हणून हाड सरकतं आणि आखूडही होतं. पाऊच किंवा पट्टा लावून हे सरकणं परत जागेवर येत नाही. पाऊचचं काम हाताचं वजन पेलून वेदना कमी करण्याचं असतं. आठच्या आकाराच्या पट्ट्याने हाड ‘ताणून बसतं’ असा समज अजून आहे, पण साध्या झोळीशी तुलना झाली तेव्हा हाड जुळण्यात फरक दिसला नाही आणि पट्ट्याचा त्रास मात्र जास्त झाला. काखेत तो काचतो ते वेगळंच.

काही परिस्थितींत वाट बघायची नसते. हाड कातडी फोडून बाहेर आलं, कातडी इतकी ताणली गेली की पांढरी पडली, बोटं बधिर झाली किंवा हलेनात, हात गार पडला, दम लागू लागला, तर त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठायचं. कॉलरबोनच्या मागूनच हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा जातो, खाली फुप्फुसाचं टोक असतं. ताईंच्या बाबतीत यातलं काहीही नव्हतं. नाडी व्यवस्थित लागत होती, बोटं चालत होती, श्वास नीट होता. म्हणजे ‘उद्या सकाळी’ची घाई हाडाची नव्हती. अशा फ्रॅक्चरवर शस्त्रक्रिया करायची तर साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोयीची जाते. तेवढा अवधी हातात होता, पण हे घरच्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी उणीव वाटते. घाबरलेल्या माणसाला दोन आठवड्यांची मुदत आहे हे कळलं, तर तो वेगळा विचार करतो.

भावाच्या आग्रहाने चौथ्या दिवशी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा उभं करून एक्स-रे काढला. झोपलेल्या एक्स-रेत हाड जेमतेम एक सेंटीमीटर आखूड दिसत होतं, उभ्याने दीडच्या पुढे गेलं. उभं राहिल्यावर हाताचं वजन फ्रॅक्चरवर येतं, त्यामुळे हा फरक पडतो. दोन सेंटीमीटरच्या पुढे आखूड झालं की शस्त्रक्रियेकडे कल असतो, पण ती काही लक्ष्मणरेषा नव्हे. ताई त्या सीमेच्या अलीकडे, पण फार लांब नाहीत. निर्णय अवघड होता तो यामुळेच. स्पष्ट कारण कुठल्याच बाजूला नव्हतं.

त्या डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं. सहसा माझ्याकडे रुग्ण सहा आठवड्यांनी, खांदा आखडल्यावर येतात.

समोरचे पर्याय

हाडवैद्याचा विषय मी झटकून टाकला नाही, कारण सासूबाई बरोबर आल्या होत्या आणि घरात त्यांच्या शब्दाला वजन होतं. मनगटाचं हाड खेचून बसवता येतं, कॉलरबोनचं बसवून धरता येत नाही, हे त्यांना एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं. मोडलेल्या जागी मालीश आणि काखेतून घट्ट बांधलेली पट्टी, या दोन गोष्टींचा धोकाही सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मग हळदीचं दूध दिलेलं चालेल ना?” चालणार होतंच.

आता प्लेट. बाजू दोन्हींकडून मांडायला हवी. जुनं मत असं, की कॉलरबोन आपोआप जुळतं. १९६० साली अमेरिकेतल्या डॉ. नीर यांनी २,२३५ रुग्णांची नोंद मांडली, त्यात फक्त तिघांचं हाड जुळलं नव्हतं. पण त्या काळच्या नोंदींत साधे, न सरकलेले फ्रॅक्चरही एकत्र मोजले जात. पूर्ण सरकलेले फ्रॅक्चर वेगळे काढून पाहिले तेव्हा चित्र बदललं. एडिंबरोच्या २०१३च्या अभ्यासात २०० रुग्ण होते. वर्षभरानंतर बिनऑपरेशनच्या गटात १६ जणांचं हाड जुळलं नव्हतं, प्लेटच्या गटात एकाचं. ब्रिटनमध्येच २०१७ साली ३०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांनी न जुळण्याचं प्रमाण बिनऑपरेशनच्या गटात ११ टक्के, प्लेटच्या गटात एक टक्क्याहूनही कमी. हात कसा चालतो हे पाहिलं तर सहा आठवडे आणि तीन महिन्यांना प्लेटवाले पुढे होते, नऊ महिन्यांना दोन्ही गट सारखे.

म्हणजे साधारण दहा जणांना प्लेट टाकली की एकाचं न जुळणं टळतं. उरलेल्या नऊ जणांचं हाड तसंही जुळणार होतं. त्यांना लवकर बरं होण्याचा फायदा मिळतो, आणि त्याबरोबर छेद, भूल, जंतुसंसर्गाची थोडी शक्यता, छेदाखालच्या कातडीचा बधिरपणा आणि कातडीखाली हाताला लागणारी प्लेट. ती टोचते म्हणून पुढे काढून घेणारे बरेच असतात, म्हणजे दुसरं ऑपरेशन.

पाऊचच्या बाजूने पाहिलं तर हाड थोडं आखूडच जुळणार, वर उंचवटा राहणार, पहिले तीन महिने जड जाणार. आणि दहातलं एक न जुळणारं हाड आपलं निघालं तर उशिरा प्लेट टाकावी लागणार, कदाचित कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन. ते ऑपरेशनही यशस्वी होतं, पण वर्ष जातं.

ताईंचा धोका सरासरीपेक्षा थोडा जास्त होता. पूर्ण सरकलेलं हाड, मध्ये तुकडा आणि स्त्री असणं, या तिन्हींनी न जुळण्याची शक्यता वाढते. चौथी गोष्ट त्यांनी हळूच सांगितली, सासूबाई बाहेर गेल्यावर: रोज सकाळी मिश्री. धूम्रपानाने हे हाड न जुळण्याचा धोका वाढतो हे अभ्यासांतून पक्कं आहे, आणि निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातंच. मी मिश्री पूर्ण बंद करायला सांगितली, ऑपरेशन होवो न होवो.

खर्चाचं थोडक्यात: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का हे दाखल होण्याआधी विचारावं. ताईंच्या भावाने ते विचारून ठेवलं, त्यामुळे पैशावरून निर्णय फिरला नाही.

निर्णय

दुसऱ्या डॉक्टरांनी ताईंकडे बघून विचारलं, “हा हात तुम्हाला कशासाठी लागतो, आणि कधी लागणार?” पती उत्तर द्यायला लागले. डॉक्टर म्हणाले, “भाऊ, थांबा जरा. ताईंना सांगू द्या.”

मग ताईंनी बागेचं सगळं वेळापत्रक मांडलं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यात पेस्ट आणि फेलफूट टोळी करील, त्या नुसत्या उभ्या राहतील. नोव्हेंबरच्या मध्यापासून विरळणी, तेव्हा त्यांचा हात लागणार. “मला एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या, “विरळणीला हात वर जाईल ना?”

जून ते नोव्हेंबर, पाच महिने. हा हिशोब समोर आल्यावर प्रश्नाला आकार आला. प्लेटचा मुख्य फायदा पहिल्या तीन महिन्यांतला, आणि त्या काळात ताईंच्या बागेत त्यांच्या उजव्या हातावाचून अडणार नव्हतं. दुसरीकडे, हाड न जुळण्याचा धोका खरा होता, आणि ते नोव्हेंबरात कळून चालणार नव्हतं.

ताईंनीच वाट काढली. “दहातल्या एकीचं जुळत नाही म्हणता, म्हणजे नऊजणींचं जुळतं. मग माझं जुळतंय का ते आधी बघू. नाही जुळत दिसलं तर ऑगस्टातच प्लेट टाका, छाटणीची वाट नका बघू.”

असं ठरलं: आता पाऊच. दहाव्या दिवशी उभ्याने पुन्हा एक्स-रे. हाड आणखी आखूड झालं तर मुदतीत शस्त्रक्रिया. सहाव्या आठवड्याला दुसरा टप्पा, तिथे वाईट खुणा दिसल्या तर लगेच शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी दोन्ही तारखा फाइलवर लिहून दिल्या. दहाव्या दिवसाचा एक्स-रे होता तसाच आला, तेव्हा पहिला टप्पा पार पडला.

पहिले सहा आठवडे

कागदावर ‘विश्रांती’ लिहिलं जातं त्या काळात घरात काय काय अडतं, ते इथे सविस्तर सांगते, कारण पुढचं यश यावर ठरतं.

पाऊच नीट बसवणं हे पहिलं. मनगट कोपरापेक्षा किंचित वर हवं. ताईंचा हात खाली लोंबत होता, त्यामुळे सगळं वजन फ्रॅक्चरवर येत होतं. पट्टा दोन बोटं आवळला आणि मानेशी मऊ फडक्याची घडी दिली, तेवढ्यानेच चेहरा सैल झाला. झोप आडवं होऊन येईना. भिंतीला लोड, त्यावर गोधड्यांची उतरण आणि उजव्या कोपराखाली उशी, असं अर्धवट बसून त्या तीन आठवडे झोपल्या. कुशीवर वळताना आतून कटकट आवाज यायचा आणि त्या दचकून उठायच्या. हाडाची टोकं एकमेकांना घासतात त्याचा तो आवाज, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतो आणि पुढे थांबतो. हे आधी सांगून ठेवलं की माणूस भीत नाही.

कपडे हा बायकांच्या बाबतीत कोणी न बोलणारा भाग. ब्लाउज घालणं अशक्य. पुढून बटणांचा सैल गाउन, घालताना आधी दुखरा हात, काढताना शेवटी दुखरा हात. जुलैच्या दमटपणात काख ओली राहून कातडी सोलवटते, म्हणून रोज पुढे वाकून हात सैल लोंबू द्यायचा आणि सुती कापडाने काख कोरडी करायची. हे काम सासूबाईंनी घेतलं. मिश्रीची डबीही त्यांनीच उचलून ठेवली, कारण एव्हाना त्यांना कळलं होतं.

व्यायाम पहिल्या दिवसापासून: मूठ उघडझाप, मनगट, पाऊचमधून हात काढून कोपर सरळ. दुसऱ्या आठवड्यानंतर वाकून हाताचा हलका झोका. हात खांद्याच्या वर नाही, काही उचलणं नाही. फऱ्याचे, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाचे, स्नायू मागे आवळून धरण्याचा व्यायाम मी मुद्दाम लवकर दिला, कारण कॉलरबोन आखूड झालं की फरा पुढे झुकतो आणि हात वर नेताना लवकर थकतो.

सहाव्या आठवड्याचा टप्पा

सहा आठवड्यांना तीन गोष्टी बघायच्या असतात. एक्स-रेवर नवं हाड धरलेलं दिसतं का, बोटांनी दाबून पाहिलं तर मोडलेली जागा हलते का, आणि रोजची कामं किती अडतात याच्या छोट्या प्रश्नावलीत गुण किती. गुण शून्य ते शंभर. चाळीस किंवा वर म्हणजे काळजी. तिन्ही चांगलं असेल तर हाड बहुतेक जुळतं, दोन-तीन वाईट असतील तर शस्त्रक्रियेचा विचार आत्ताच करावा.

ताईंचं मधलंच आलं. नवं हाड पुसट पण दिसत होतं. जागा हलत नव्हती. गुण मात्र चाळिशीच्या पुढे. पती म्हणाले, “ठरल्याप्रमाणे प्लेट टाकून टाका.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ठरलं तसंच होतं.

डॉक्टरांनी आणि मी प्रश्नावलीचं एकेक उत्तर उघडून पाहिलं. अडचण कुठे होती? बरणीचं झाकण, पाठ चोळणं, झोप. दाबल्यावर फ्रॅक्चर फारसं दुखत नव्हतं. खांदा आखडला होता आणि हात हलवायची भीती होती. म्हणजे गुणांचा दोष हाडाकडे जात नव्हता. आणखी चार आठवडे द्यायचे, जोमाने व्यायाम करायचा आणि दहाव्या आठवड्याला शेवटचं ठरवायचं, असं ताईंनी मान्य केलं. मुदत ऑगस्टअखेरीपर्यंत पुढे गेली, तरी तेव्हा शस्त्रक्रिया झाली असती तर ऑपरेशनची जखम भरायला छाटणीपर्यंत वेळ होता. विरळणी मात्र हातची गेली असती, आणि हे त्यांना सांगूनच पुढे गेलो.

दहाव्या आठवड्याला गुण निम्म्यावर आले होते. एक्स-रेत दोन टोकांमध्ये हाडाचा पूल स्पष्ट होता.

परिणाम

चार महिन्यांना हाड जुळलं. दीड सेंटीमीटरचा आखूडपणा राहिला, वर बोराएवढा उंचवटा राहिला. हात वर पूर्ण जात होता.

पण हात वर जाणं आणि दिवसभर वर राहणं यात फरक आहे, तो नोव्हेंबरात दिसला. तासाभराच्या विरळणीनंतर ताईंचा उजवा खांदा भरून यायचा, कात्री खाली येई. त्या मोसमात त्यांनी अर्धा दिवसच काम केलं. रुंद पायाचं बुटकं लाकडी स्टूल घेतलं. त्यावर उभं राहिलं की घड डोळ्यांसमोर येतो आणि कोपर खांद्याच्या खाली राहतं. उरलेल्या ओळींना दोन बाया जास्त लावाव्या लागल्या, तो खर्च झाला.

पुढच्या वर्षी विरळणीला त्या पूर्ण दिवस उभ्या होत्या. संध्याकाळी मानेच्या बाजूला ओढ लागते, खांद्याला पिशवी अडकवली की उंचवट्यावर पट्टा बोचतो म्हणून पिशवी डावीकडे. हाड कापून लांबी दुरुस्त करण्याचं ऑपरेशन असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं. ताई नको म्हणाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या आठवड्यात प्लेट टाकली असती तर तो पहिला नोव्हेंबर बहुधा बरा गेला असता. हे मी ताईंनाही सांगितलं आहे. त्यांनी निवडलेली वाट चुकीची नव्हती, पण फुकटची नव्हती.

उभ्याने एक्स-रे पहिल्याच दिवशी निघायला हवा होता, किमान दुसऱ्या दिवशी शहरात. झोपलेल्या चित्रावर ‘प्लेट टाका’ म्हणणं किंवा ‘काही गरज नाही’ म्हणणं, दोन्ही अपुऱ्या माहितीवर आहे. आणि फिजिओकडे पहिल्या आठवड्यात पाठवणं हा नेम व्हावा, अपवाद नको. ताण देऊन खांद्याची ताकद वाढवणारे व्यायाम बाराव्या आठवड्याला सुरू झाले. त्यात मांडवाच्या उंचीला हात धरून ठेवण्याचा सराव ऑक्टोबरातच घेतला असता तर पहिली विरळणी थोडी सुसह्य झाली असती.

हीच दुखापत सप्टेंबरात झाली असती तर माझा कल प्लेटकडे गेला असता. आणि ताईंच्या जागी टोळीबरोबर पेठ-सुरगाणा तालुक्यांतून रोजंदारीला आलेली बाई असती, तर जूनमध्येसुद्धा. तिला पाच महिने थांबवणारी बाग नसते, जास्तीच्या दोन बाया लावायची सोय नसते, हात चालला नाही त्या दिवशी मजुरी नसते. तिच्यासाठी लवकरचे तीन महिने हाच मोठा फायदा, आणि योजनेत शस्त्रक्रिया बसत असेल तर तिला तो पर्याय पहिल्याच दिवशी, तिच्याशीच बोलून सांगितला पाहिजे. एक्स-रे दोघींचा सारखाच असला तरी.